न चुकणारी ब्युरेट



आजचं व्याख्यान सॉफ्टवेअरच्या एका जातीबद्दल आहे. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर ब्युरेट दिसते, खाली शंकुपात्र दिसतं. आपण बोटाने तोटी उघडतो, थेंब पडतात, आणि एका क्षणी पात्रातलं द्रावण गुलाबी होतं. आम्ल आणि आम्लारी शिकवायला अशी आभासी प्रयोगशाळा आता सगळीकडे सुचवली जाते. कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, पाठ्यपुस्तकाचीही अधूनमधून होते. या सॉफ्टवेअरची मात्र कुणी करत नाही. फुकट आहे, छान दिसतं, मुलांना आवडतं, इथेच विषय संपतो. आज आपण तो थोडा पुढे न्यायचा आहे. मेहकरसारख्या तालुक्याच्या गावात हे सॉफ्टवेअर काय शिकवतं, काय शिकवत नाही, आणि कशाच्या जागी येऊन बसतं, हे तीन प्रश्न.

मेहकरच का, असं कुणी विचारेल. पैनगंगेकाठच्या या गावापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर लोणार आहे. बेसॉल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आणि त्यात साठलेलं खारं, आम्लारीधर्मी पाणी. त्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. सामू म्हणजे पीएच. ७ ला उदासीन, त्याच्या खाली आम्ल, वर आम्लारी. म्हणजे नववीच्या ‘आम्ल, आम्लारी व क्षार’ या पाठाचं जगातल्या उत्तम उदाहरणांपैकी एक उदाहरण इथल्या पोरांच्या सहलीच्या अंतरावर आहे. आणि तोच पाठ इथलं पोरगं कोलोरॅडोत किंवा केरळात बनलेल्या चित्रावर शिकतं. यात आपोआप काही वाईट नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायला हरकत नसावी.

आधी सॉफ्टवेअर कोणतं ते सांगतो. तीन नावं पुरेत. पहिलं ‘फेट’. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी ते सुरू केलं. आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. त्यात आपल्या विषयाचे दोन आभासी प्रयोग आहेत, एक सामूच्या पट्टीचा आणि दुसरा आम्ल-आम्लारीच्या द्रावणांचा. उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, मराठी भाषांतरंही आहेत. दुसरं ‘ओलॅब्ज’. अमृता विश्व विद्यापीठम आणि मुंबईचं सी-डॅक यांनी केंद्र सरकारच्या पैशातून शाळांसाठी बनवलं, नववी ते बारावीचे प्रयोग त्यात आहेत. तिसरा केंद्रीय शिक्षण मंत्रालयाचा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ प्रकल्प. तो मुख्यतः कॉलेजांसाठी. समन्वय आयआयटी दिल्लीकडे, सहभागी संस्थांत आयआयटी मुंबई आणि पुण्याचं सीओईपी. आपण यांच्यात पहिला-दुसरा नंबर लावणार नाही. तिघांना लागू पडेल अशा काही गोष्टी बोलू.

चांगलं आधी सांगू, कारण ते खरंच चांगलं आहे.

आम्लाच्या पाठात मुलांचा सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो ‘तीव्र’ आणि ‘संहत’ या दोन शब्दांचा. तीव्र आम्ल म्हणजे पाण्यात गेल्यावर ज्याचे जवळजवळ सगळे रेणू फुटून आयन होतात ते, उदाहरणार्थ हायड्रोक्लोरिक आम्ल. संहत म्हणजे पाण्यात आम्ल किती जास्त घातलंय ते. एक स्वभाव झाला, दुसरी मात्रा झाली. आता दोन बाटल्या घ्या. एकीत ०.१ मोलर ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. दुसरीत त्याच्या शंभरपट विरल, ०.००१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल. पहिल्याचा सामू २.९, दुसऱ्याचा ३.०. सामूचा कागद बुडवला तर दोन्हीकडे तोच रंग. डोळ्यांना दोन्ही बाटल्या एकच.

‘फेट’ इथे कामाला येतं. पडद्यावर भिंग ठेवलं की आतले कण दिसतात. सौम्य आम्लाच्या पात्रात न फुटलेल्या रेणूंची गर्दी आणि तुरळक आयन. तीव्र आम्लाच्या पात्रात फुटलेलेच सगळे. सौम्य आम्ल किती सौम्य हे ठरवायची पट्टी आहे, मात्रा ठरवायची पट्टी वेगळी आहे. एक सरकवा, दुसरी हलवू नका, काय होतं बघा. स्वभाव आणि मात्रा अशा सुट्या करून कोणत्याही खऱ्या प्रयोगशाळेत दाखवता येत नाहीत, कारण रेणूच दिसत नाहीत. हे काम खडू-फळ्याने आम्ही अनेकदा करून पाहिलं आहे आणि ते पडद्याइतकं साधत नाही, हे मोकळेपणाने मान्य करू.

सामूच्या पट्टीच्या प्रयोगात तपासायला काय काय दिलंय? बॅटरीतलं आम्ल, ओकारी, सोडा, संत्र्याचा रस, कॉफी, चिकन सूप, दूध, थुंकी, रक्त, हात धुण्याचा साबण, नाली साफ करायचं रसायन. ओकारी आणि थुंकी आली की वर्ग हसतो आणि जागा होतो. ज्याने ही यादी केली त्याला पोरं कळतात. फक्त ती आपली पोरं नाहीत. ताक, चिंचेचा कोळ, कैरी, पापडखार, खायचा चुना यांतलं काही त्यात नाही. आणि आपल्याला हवी ती नवी बाटली आणून त्या फळीवर ठेवता येत नाही. ही बाब वरवर किरकोळ वाटते. पण पुढची सगळी टीका इथूनच निघते, म्हणून ती लक्षात ठेवा.

आता ब्युरेटकडे वळू.

अनुमापन, म्हणजे टायट्रेशन. अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाने केलेलं. शंकुपात्रात पिपेटने १० मिलिलिटर ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे एक-दोन थेंब, वरून ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. पुस्तकाप्रमाणे १० मिलिलिटर पडलं की उदासिनीकरण पूर्ण. ब्युरेटचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. गणित करून बघा. ९.९५ मिलिलिटरला, म्हणजे शेवटचा थेंब पडायच्या आधी, सामू ३.६ असतो. १०.०५ ला, म्हणजे एक थेंब जास्त झाल्यावर, १०.४. दोन थेंबांत सामू जवळजवळ सात पायऱ्या चढतो. ब्युरेटवरच्या रेघा ०.१ मिलिलिटरच्या. सगळा खेळ एका रेघेत.

हे हाताला कळावं लागतं. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने पात्र हलवत राहायचं, गुलाबी रंग येतो, हलवला की जातो, पुन्हा येतो, पुन्हा जातो, आणि मग एक थेंब असा पडतो की रंग जात नाही. फिकट गुलाबी राहिला तर जमलं, गडद झाला तर गेलं, पात्र धुवा आणि पुन्हा सुरुवात करा. मोजताना डोळा द्रावणाच्या पातळीला समांतर नसेल तर वाचन बदलतं. शेजारी बसलेल्याला तोच रंग ‘आला’ वाटतो आणि आपल्याला ‘अजून नाही’ वाटतं. म्हणून तीनदा करायचं, आणि वाचनं जुळली की तो आकडा सी.बी.आर. म्हणून लिहायचा, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग.

आभासी ब्युरेटमध्ये तीनदा केलं तर तिन्ही वेळा १०.० येतं. तीसदा केलं तरी येईल. कारण आत एक समीकरण बसलेलं आहे. किती आम्ल, किती आम्लारी, किती आयतन, झालं. त्यातून सामू निघतो आणि सामूवरून रंग ठरतो. तिथे द्रावण सांडत नाही, तोटी गळत नाही, पिपेटच्या टोकाला बुडबुडा अडकत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ‘अज्ञात द्रावण’ही देतात, शोधा म्हणून. पण ते विद्यार्थ्यापुरतं अज्ञात. त्याचा आकडा आत कुठेतरी लिहून ठेवलेला असतोच. पोरगं त्या आकड्यापर्यंत पोचलं की हिरवी खूण येते. हे कोडं सोडवणं आहे. मोजमाप यापेक्षा वेगळं असतं. मोजमापात उत्तर कुणालाच माहीत नसतं, सरांनाही नाही, आणि आपलं उत्तर किती भरवशाचं हे तीन वाचनांतल्या फरकावरून आपणच ठरवायचं असतं. सॉफ्टवेअरमध्ये तो फरकच नाही, म्हणून तो प्रश्नही नाही.

इथे कुणी म्हणेल, अहो, हे दोष म्हणजे खऱ्या प्रयोगाची अडचण, ती टाळली तर बिघडलं काय? बघू काय बिघडतं ते.

साधं पाणी घ्या. पडद्यावरच्या पाण्याचा सामू ७.००. खरा? शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो तो २५ अंश सेल्सियसला. तापमान वाढलं की पाण्याचे रेणू जास्त फुटतात आणि उदासीन बिंदू खाली सरकतो. ४० अंशाला तो सुमारे ६.८ ला असतो. मेच्या दुपारी मेहकरातल्या पत्र्याच्या वर्गात ४० अंश म्हणजे काही विशेष नाही. त्या वर्गात शुद्ध पाणी ६.८ दाखवतं आणि तरीही उदासीनच असतं. ‘७ म्हणजे उदासीन’ हे पाठ केलेलं पोरगं त्याला आम्ल म्हणेल. दुसरं, डिस्टिल्ड वॉटरची बाटली उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू ५.६ पर्यंत उतरू शकतो. पडद्यावर मात्र उन्हाळा नाही आणि हवाही नाही.

आता कॉस्टिकची बाटली घ्या, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची. गेल्या वर्षीच्या बाटलीच्या तोंडाशी पांढरी पापडी धरलेली असते. ती काय आहे? हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन कॉस्टिकचं सोडियम कार्बोनेट झालंय. समजा द्रावणातलं दहा टक्के कॉस्टिक असं बदललं. त्याचं १० मिलिलिटर घेऊन ०.१ मोलर आम्लाने अनुमापन केलं, तर फिनॉल्फ्थॅलीनला वाचन येईल ९.५ आणि मिथिल ऑरेंजला १०.०. अर्ध्या मिलिलिटरचा फरक, म्हणजे दहा थेंब. बाटली एकच, आम्ल एकच, दर्शक बदलला तर उत्तर बदललं! कारण कार्बोनेट दोन टप्प्यांत आम्ल घेतं. पहिल्या टप्प्याला फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जातो, मिथिल ऑरेंज दोन्ही टप्पे मोजून मगच रंग बदलतं.

एखाद्या मुलीला असं ९.५ आणि १०.० आलं, तर तिच्या जर्नलमध्ये लाल शेरा पडतो: चूक, पुन्हा करा. खरं तर तिने बाटलीत काय झालंय ते शोधलेलं असतं. आम्ही पाहिलेल्या एकाही आभासी प्रयोगात बाटली जुनी होत नाही.

आणि ही पापडी ओळखीची वाटते ना? लोणारच्या पाण्यात तेच आहे. सोडियमचं कार्बोनेट, बायकार्बोनेट आणि मीठ. पूर्वी सरोवराच्या काठावर सुकणारे क्षार गोळा करून विकले जायचे, पापडी, दल्ला अशी त्यांची बाजारातली नावं होती. अकबराच्या काळातल्या ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारची नोंद साबण आणि काच करायला लागणाऱ्या मालासाठी झालेली आहे. लोणारच्या पाण्यात कार्बोनेट किती आणि बायकार्बोनेट किती, हे शोधायची साधी रीत म्हणजे आत्ता सांगितलेलं दोन दर्शकांचं अनुमापन. म्हणजे बारावीच्या टेबलावरची ती ब्युरेट आणि जगप्रसिद्ध सरोवर यांच्यात फक्त एक जुनी, पापडी धरलेली बाटली आहे. ज्या वर्गात ती बाटली आहे तिथे हा धागा सापडू शकतो. पडद्यावर तो सापडणार नाही, कारण बनवणाऱ्याने तो ठेवलेलाच नाही.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, आठवत असेल. देशभर फोटो फिरले, तर्क फिरले. वनखात्याने नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासणी झाली, आणि निघालं ते हॅलोआर्किया, खाऱ्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्याचे सूक्ष्मजीव. नमुना स्थिर ठेवला तर गुलाबी गाळ तळाला बसतो आणि वरचं पाणी नितळ होतं, हेही दिसलं. म्हणजे पाण्याला रंग नव्हता, पाण्यात तरंगणाऱ्या जीवांना होता. हे कळायला पाणी भांड्यात घेऊन गप्प ठेवावं लागलं. वर्षभर पडद्यावर ‘गुलाबी म्हणजे आम्लारी’ शिकलेल्या पोराला त्या जूनमध्ये काय वाटलं असेल? सरोवर आम्लारीधर्मी आणि रंग गुलाबी, म्हणजे जुळलंच की! फिनॉल्फ्थॅलीनचा तो रंग आणि हा रंग यांचा काडीचा संबंध नाही, हे सांगायला कुणीतरी हवं.

रंग फसवतो, हे या शास्त्राला फार जुनं ठाऊक आहे. १९०९ साली कोपेनहेगनमध्ये, कार्ल्सबर्ग या बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत, सोरेन्सन यांनी सामूची पट्टी मांडली. आणि १९३४ साली कॅलिफोर्नियात आर्नल्ड बेकमन यांनी सामूमापक यंत्र बनवलं ते लिंबाच्या रसासाठी. तिथल्या रसात टिकण्यासाठी सल्फर डायऑक्साइड घालत, आणि तो लिटमसचा रंगच उडवून टाकायचा. कागद निकामी झाला म्हणून यंत्र जन्माला आलं. आभासी लिटमस कधीच विटत नाही. तो विटला नसता तर बेकमनला यंत्र करायचं कारण पडलं नसतं.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, आता हे खऱ्या प्रयोगशाळेचे गोडवे गाणार. तर नाही. आपल्या प्रयोगशाळांचं खरं बोलू.

बारावीच्या रसायनशास्त्राच्या १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे. ते तीस मिळवून द्यायचे ही शाळा-कॉलेजांची पद्धत होऊन बसली आहे. जर्नल मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरतं. सी.बी.आर.च्या रकान्यात १०.१, १०.१, १०.१ असं तीनदा लिहिलं जातं, तोटीला हात न लावता. तीन माणसं तीनदा मोजून तोच आकडा आणतील यावर कुणाचा विश्वास नसतो, तरी सगळे सही करतात. ज्या खोलीत असं चालतं, ती खोली संगणक येण्याच्या आधीपासूनच आभासी होती. उलट सॉफ्टवेअरमध्ये निदान कण तरी दिसतात! म्हणून पडदा वाईट आणि काच चांगली, अशी ही मांडणी नाही. कुठेही मिळालेलं वाचन प्रामाणिकपणे लिहायची आणि त्यावर भांडायची मुभा आहे का, हा मुद्दा आहे.

सॉफ्टवेअरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत पुरावाही सांगायला हवा. २००५ साली कोलोरॅडोच्याच संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाला खऱ्या तारा आणि बल्ब दिले, दुसऱ्याला पडद्यावरचं विद्युत मंडल. नंतर दोघांना खरं मंडल जोडायला सांगितलं. पडदेवाले लेखी प्रश्नांतही पुढे होते आणि खरं मंडल जोडण्यातही. हा निकाल झटकून टाकू नका. पण तो कशाबद्दल आहे ते बघा. तारेतला प्रवाह दिसत नाही, पडद्यावर तो दिसतो. जे दिसत नाही ते दाखवण्यात पडदा जिंकतो, आणि तीव्र-संहतच्या उदाहरणात आपणही तेच म्हटलं. अनुमापनात शिकायची गोष्ट नेमकी दिसणारी आहे. थेंब दिसतो, रंग दिसतो, आणि दोघांना तो वेगवेगळा दिसतो. तिथे हा पुरावा तसाच उचलून लावता येणार नाही.

मग हे सगळं आज का बोलायचं? कारण धोरण त्या दिशेने चाललं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आभासी प्रयोगशाळांचा उल्लेख आहे. २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. कोरोनाच्या दोन वर्षांत, शाळांना कुलूप असताना, या सॉफ्टवेअरने खरोखर आधार दिला. पण कुलूप उघडल्यानंतरही काही ठिकाणी प्रयोगशाळेचं कुलूप तसंच राहिलं. फुटलेली काच नव्याने घ्यायची नाही, रसायनं मागवायची नाहीत, कारण ‘ऑनलाइन आहे ना’. मोठ्या शहरातल्या कॉलेजात पडदा काचेच्या जोडीला येतो. तालुक्याच्या गावात तो काचेच्या जागी येतो. सॉफ्टवेअर दोन्हीकडे तेच. पण एका पोराच्या हाताला थेंबाची सवय आहे आणि दुसऱ्याच्या नाही, आणि पुढे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला दोघं एकाच टेबलावर उभे राहतात.

भाषेचीही एक गोष्ट आहे. आपल्याकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमातलं पोरगं आम्ल, आम्लारी, क्षार म्हणतं. अकरावीला सायन्स घेतलं की एका उन्हाळ्यात त्याचं ॲसिड, बेस, सॉल्ट होतं. मधल्या काळात ते व्हिडिओ बघतं हिंदीत, आणि हिंदीत बेसला म्हणतात क्षारक. मराठीत क्षार म्हणजे सॉल्ट. शब्द जवळजवळ एकच, अर्थ दोन. शिवाय घरात ‘खार’ आहेच, आणि पापडखार तर स्वभावाने आम्लारीच्याच बाजूचा. एवढ्या गुंत्यात भाषांतरित सॉफ्टवेअर उघडताना शिक्षकाने पहिली दोन मिनिटं फक्त शब्दांसाठी द्यावीत. फळ्यावर तीन रकाने करावेत: मराठी, हिंदी, इंग्रजी. कोणत्याही बटणापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

शेवटी मागणं काय, ते सांगतो. बनवणाऱ्यांकडे तीन मागण्या. एक, आभासी ब्युरेटमध्ये एखाद्या थेंबाची अनिश्चितता घाला, म्हणजे तीन वाचनं वेगळी येतील आणि सरासरी कशासाठी काढतात ते कळेल. दोन, तापमानाची पट्टी द्या. तीन, शिक्षकाला स्वतःची बाटली त्या फळीवर ठेवू द्या: नाव मराठीत, सामू त्याने मोजलेला. यातलं काहीच तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

शाळांकडे एकच मागणी. क्रम ठरवा. आधी काच, मग पडदा, मग पुन्हा काच. आधी मुलांना अडखळू द्या, वाचनं जुळू नयेत. मग पडद्यावर आत काय चाललंय ते दाखवा. मग पुन्हा तोटीवर हात. एक ब्युरेट काही शे रुपयांत येते. दहावीच्या आतल्यांना तीही लागत नाही.

त्यांच्यासाठी घरचा प्रयोग सांगतो आणि थांबतो. लोणारचं पाणी आणायला जाऊ नका; ते अभयारण्य आहे, रामसर यादीतलं पाणथळ आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथलं काही उचलायचं नाही. स्वयंपाकघरात जा. हळदीचं पाणी करून पांढरा कागद त्यात बुडवा, सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. चमचाभर खायचा सोडा अर्ध्या वाटी पाण्यात विरघळवून पट्टी बुडवा. रंग फारसा बदलणार नाही, थोडासा बदलेल, आणि तो बदलला की नाही यावर घरात वाद होईल. मग तेवढाच सोडा कोरड्या तव्यावर मोठ्या माणसाच्या देखरेखीत दहा-पंधरा मिनिटं तापवा, गार करा, पाण्यात विरघळवा, दुसरी पट्टी बुडवा. चाखायचं नाही, हात धुवायचे. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. तव्यावर सोड्यातून काय निघून गेलं आणि मागे काय उरलं, आणि ते लोणारला कसं पोचतं, याचा विचार करा. तुमच्या घरचा निकाल आमच्यापेक्षा वेगळा आला तर तो तसाच लिहून आणा. पुढच्या वेळी सुरुवात त्यावरूनच करू.